डेटा सायन्स की संख्याशास्त्र? विद्यापीठ आणि कोर्सची तुलना नेमकी कशी करायची?

शंकेखोर
पदवीसाठी दोन पर्याय हातात आहेत. पहिला डेटा सायन्स. विद्यापीठ क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये दीडशेच्या आसपास. दुसरा संख्याशास्त्र, विद्यापीठ पाचशेच्याही खाली. दोन्ही तीन वर्षांचेच, पण पहिल्याचे 180 क्रेडिट आणि दुसऱ्याचे 360! पुढे मास्टर्स करायचं आहे, विषय ठरलेला नाही. माहितीपत्रकं दोन्हीकडची सारखीच गुळगुळीत. काय तपासू आणि कुठे?

आकडेमोड
आधी क्रेडिटचा गोंधळ. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला 60 क्रेडिट असतात, ब्रिटनमध्ये 120, अमेरिकेत साधारण 30. त्यामुळे 180 आणि 360 मध्ये काम तेवढंच. विषयांची तुलना करताना क्रेडिट न धरता 'वर्षाचा किती टक्के भाग' ते धरा. ईसीटीएसचा 6 क्रेडिटचा विषय म्हणजे वर्षाचे 10 टक्के, ब्रिटिश 15 क्रेडिटचा म्हणजे साडेबारा.

आता रँकिंग. क्यूएसच्या 2024 च्या यादीपासून शैक्षणिक प्रतिष्ठेला 30 टक्के आणि नोकरी देणाऱ्यांमधल्या प्रतिष्ठेला 15 टक्के वजन आहे. म्हणजे जवळपास निम्मे गुण 'चांगली विद्यापीठं कोणती?' असं लोकांना विचारून आलेले. वर 20 टक्के शोधनिबंधांच्या सायटेशनला, म्हणजे इतर संशोधकांनी त्यांचे किती संदर्भ दिले त्याला. वर्गातल्या शिकवण्याच्या जरा जवळ जाणारा आकडा विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा, त्याला 10, आणि तोही अख्ख्या विद्यापीठाचा; तुमच्या विभागाचा नाही. शांघाय रँकिंग या दुसऱ्या जागतिक यादीत तर 30 टक्के वजन नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना आहे. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस कोण शिकवतं, हे त्यातून कळणं कठीणच.

पायाभरणी
माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दोन्हीकडचा सविस्तर अभ्यासक्रम उतरवून घ्या. एका कागदावर सत्रवार सहा रकाने आखा आणि सक्तीचे विषय तेवढे भरा. वैकल्पिक विषय आत्ता नकोत, माहितीपत्रक सजतं ते त्यांच्याच जिवावर.

मग क्रम बघा. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी हे तिन्ही मशीन लर्निंगच्या (डेटावरून अंदाज बांधणारी मॉडेल्स) आधी यायला हवेत. नसतील तर तो विषय कोडच्या तयार लायब्ररीला डेटा भरवण्यापुरता उरतो. मॉडेल चुकलं तर का चुकलं, हे शोधायला लागणारं गणितच हाताशी नसतं. 'डेटासाठी गणित' अशा नावाचा एखादा विषय दिसला तर त्याचे घटक मोजा. मॅट्रिक्सपासून ऑप्टिमायझेशनपर्यंत सगळं एका सत्रात कोंबलं असेल तर नुसती तोंडओळख होणार.

वैकल्पिक विषयांसाठी यादीऐवजी गेल्या दोन वर्षांचं प्रत्यक्ष वेळापत्रक बघा. यादीतले बरेच विषय दरवर्षी शिकवले जात नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर उत्तमच: सिद्धता विचारतात की फक्त सूत्रात आकडे घालायला लावतात, ते दहा मिनिटांत कळतं.

विषय ठरलेला नाही म्हणता, म्हणून एक सांगतो. संख्याशास्त्राकडून डेटा सायन्सच्या मास्टर्सला जाणं तुलनेने सोपं असतं. उलट दिशेला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स किंवा रिअल अ‍ॅनालिसिस असे सिद्धतांवर आधारलेले गणिताचे विषय बऱ्याचदा मागतात आणि अर्ज तिथेच अडतो.

तिरकस
गणित ठीक आहे हो, पण नोकरीचे आकडे? त्यातच सगळ्यात जास्त फसगत होते. '90 टक्क्यांना नोकरी' असं लिहिलेलं असेल तर छेदात कोण, ते विचारा. समजा 200 जण पदवीधर झाले, 80 जणांनी सर्वेक्षण भरलं आणि त्यातले 72 नोकरीत आहेत. झाले 90 टक्के! खात्रीने माहीत असलेले फक्त 36 टक्के. शिवाय नोकरी पदवीच्या दर्जाची की कुठलीही, आणि किती महिन्यांनंतर मोजली, हेही विचारा. पहिल्या वर्षानंतर किती जण कोर्स सोडतात, हा आकडा माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत. मागून घ्या.

शंकेखोर
रकाने भरले. डेटा सायन्सला 'डेटासाठी गणित' हा एकच 6 क्रेडिटचा विषय, प्रोबॅबिलिटी वैकल्पिक, मशीन लर्निंग तिसऱ्या सत्रात. संख्याशास्त्राकडे गणित भरपूर, पण प्रोग्रॅमिंग म्हणजे नुसती 'आर' (R) ही एकच भाषा.

पायाभरणी
प्रोबॅबिलिटी वैकल्पिक असेल तर माझ्या लेखी तिथेच निकाल लागला. पण संख्याशास्त्राची उणीवही खरी आहे. अल्गोरिदम आणि डेटाबेस हे दोन विषय कॉम्प्युटर सायन्स विभागातून घेता येतात का, ते बघा. नियमात परवानगी बऱ्याचदा असते, पण दोन ठिकाणी घोडं पेंड खातं: त्या तासाला आपलाच सक्तीचा विषय असतो, किंवा जागा आधी त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना देतात. कोर्सच्या समन्वयकांना ईमेल करून विचारा की गेल्या वर्षी संख्याशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांनी हे दोन विषय प्रत्यक्ष घेतले. 'घेता येतात' एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा.