मदत हवी आहे: मलेरिया महासाथीसारखा का पसरत नाही, हे अकरावीच्या मुलांना कसे समजवावे?

नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पावसाळा तोंडावर आला आहे आणि मलेरियावर एक छोटा उपक्रम घेण्याचे ठरवले आहे. प्रास्ताविक करतानाच एका मुलीने विचारले, “करोनाने तीन-चार महिन्यांत सगळे जग व्यापले, मग दरवर्षी लाखो माणसे मारणारा मलेरिया आपल्या जागीच कसा राहतो, आणि तो तसाच राहील याची खात्री आहे का?” प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला देता येते. दुसऱ्या भागाचे उत्तर देताना मात्र मी अडखळते आहे, म्हणून हा धागा.

मला जेवढे समजले आहे ते आधी मांडते. करोनाचा विषाणू श्वासावाटे थेट माणसाकडून माणसाकडे जातो. मलेरियाच्या परजीवीला मध्ये अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी लागते. ती रुग्णाला चावल्यावर परजीवीच्या नर आणि मादी पेशींचा संयोग तिच्या पोटात होतो, जठराच्या भिंतीवर गाठी धरतात, त्या फुटतात आणि त्यातून सुटलेले परजीवी तिच्या लाळग्रंथींत पोहोचतात. उबदार हवेतही या सगळ्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस मादी जगली नाही, तर साखळी तिथेच तुटते. हवा थंड असेल तर परजीवीची वाढच खुंटते. म्हणूनच अंगात परजीवी घेऊन एखादा प्रवासी हिवाळ्यात लंडनला उतरला, तरी तो एकटाच आजारी पडतो, शहर आजारी पडत नाही.

यावरून मलेरिया हा कमी संसर्गजन्य आजार आहे असा मुलांचा समज होईल, आणि तो मला होऊ द्यायचा नाही. डास मुबलक असलेल्या आफ्रिकेतील काही भागांत एका रुग्णापासून पुढे शंभराहून अधिक जणांना लागण होऊ शकते, असे गणिती अंदाज आहेत. करोनाच्या मूळ विषाणूसाठी हाच आकडा दोन ते तीनच्या आसपास धरला जात होता. आग तेवढीच प्रखर आहे, पण ती डास आणि ऊब असेल तिथेच धरते, असे मी त्यांना सांगणार आहे.

करोनाच्या काळाचा मलेरियावर काय परिणाम झाला, हेही मला सांगायचे आहे, कारण एक महासाथ दुसऱ्या जुन्या रोगाला कसा हात देते याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये मलेरियाचे सुमारे १ कोटी ४० लाख रुग्ण आणि ६९ हजार मृत्यू वाढले, आणि या वाढीव मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू तपासणी, औषधे आणि मच्छरदाण्या वेळेवर न पोहोचल्यामुळे झाले. २०२३ चा अंदाज २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू असा आहे. यातील बहुतेक मृत्यू आफ्रिकेत होतात, आणि तेथे दगावणाऱ्यांमध्ये पाच वर्षांखालील मुलेच सर्वाधिक असतात. हा आकडा वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज स्थिर राहत नाही, हे इथे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता अडचण. अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्साय हा आपल्या शहरांतला डास, म्हणजे मुंबईत मलेरिया पसरवणारा मुख्य डास, आफ्रिकेत पोहोचला आहे असे वाचनात आले. परजीवी जागचा हलत नसेल, पण त्याचे वाहन हलत असेल, तर मलेरिया आपल्या जागीच राहतो हे मी मुलांना कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असे काय करावे, यावरही जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद: निवृत्त आरोग्य निरीक्षक

मॅडम, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी अनेक वर्षे इमारतींच्या गच्च्या आणि बांधकामे तपासण्याचे काम केले, तेव्हा या डासाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आफ्रिकेतील मलेरिया आजवर मुख्यतः ग्रामीण होता, कारण तेथील मूळ डासांना पावसाने साचलेली डबकी आणि शेतातील पाणी लागते. स्टिफेन्सायला गच्चीवरची टाकी, पिंप, कारंजे, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर मुरण्यासाठी सोडलेले पाणी, एवढे पुरते. स्वच्छ, साठवलेले पाणी त्याला मानवते, म्हणून तो पावसाची वाट पाहत नाही. २०१२ मध्ये तो पूर्व आफ्रिकेतील जिबूती या छोट्या देशाच्या राजधानीत सापडला. त्या वर्षी मलेरियाच्या उच्चाटनाच्या जवळ पोहोचलेल्या त्या देशात अवघ्या २७ रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये तोच आकडा ७३ हजारांच्या वर गेला. सगळी वाढ एकट्या या डासामुळे झाली असे म्हणता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. पुढे तो इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया या देशांत आढळला. २०२२ मध्ये इथिओपियातील दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात उद्रेक झाला, तोही पाणी साठवण्याच्या जागांभोवती. हा डास आफ्रिकेत सर्वत्र पसरला तर शहरांतील आणखी १२ कोटी ६० लाख लोकांना धोका संभवतो, असा अंदाज २०२० मध्ये एका अभ्यासात मांडला गेला होता.

तेव्हा मुलांना असे सांगावे: मलेरिया करोनासारख्या वेगाने जगभर जात नाही, पण त्याचा डास बोटीने जातो, परजीवी मजुरांच्या आणि प्रवाशांच्या रक्तातून जातो, आणि हे दोन्ही एका गावात भेटले की साथ उभी राहते. मुंबईतील बांधकामाच्या जागा पाहा. मलेरियाग्रस्त भागांतून आलेला कामगार आणि उघडे पाणी तिथे एकाच आवारात असते. म्हणूनच आम्ही कामगारांच्या रक्ताचे नमुने घेण्याचा आग्रह धरत असू, आणि ठेकेदारांना तो त्रास वाटे.

प्रतिसाद: इतिहासाचा वाचक

वरील प्रतिसादाला पूरक म्हणून दोन जुनी उदाहरणे देतो, कारण डास बोटीने जातो हे काही या शतकातील नवल नाही.

पहिले मॉरिशसचे. १८६० च्या दशकापर्यंत त्या बेटावर मलेरियाची साथ माहीत नव्हती. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर तेथे गेले होते; त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी आणि घाटावरचे मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. परजीवी मजुरांच्या रक्तात आला असावा आणि डास आफ्रिकेच्या बाजूने जहाजांतून उतरले असावेत, असे मानले जाते. पुढे १८६७ या एकाच वर्षात साडेतीन लाखांहून कमी वस्तीच्या त्या बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे तापाने दगावली. कोणाच्याही अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती. मलेरिया जुना असला तरी नव्या भूमीत तो महासाथीसारखाच वागतो, हे मुलांना याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे, आणि ते आशादायक आहे. अ‍ॅनॉफिलिस गँबिये हा आफ्रिकेचा डास १९३० मध्ये नाताल शहरात सापडला. पश्चिम आफ्रिकेतील डाकार बंदरातून येणाऱ्या जलद बोटींतून तो आला असे मानतात. १९३८ मध्ये त्या देशाच्या ईशान्य भागात लाखाच्या घरात लोक आजारी पडले आणि हजारो मेले. फ्रेड सोपर या अमेरिकी आरोग्यतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली डबके न् डबके शोधून पॅरिस ग्रीन हे अळीनाशक टाकण्यात आले आणि १९४० अखेर तो डास ब्राझीलमधून नाहीसा झाला. आलेला डास परत घालवता येतो, मात्र लवकर हात घातला तरच. जिबूतीच्या बाबतीत तो क्षण निसटला, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मॉरिशसचे उदाहरण मी नक्की घेणार आहे. आता एक शेवटची शंका: मुंबईला हा डास इतका जुना परिचयाचा असेल, तर त्याच्याविरुद्ध इथे जे केले गेले ते आफ्रिकेतील शहरांना उपयोगी पडेल का? आणि अळ्या वर्गात आणून दाखवणे कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद: निवृत्त आरोग्य निरीक्षक

उपयोगी पडेल, आणि पडायलाच हवे. चार्ल्स बेंटली या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११ च्या अहवालात मुंबईतील मलेरियाचा संबंध घरगुती विहिरी आणि हौदांशी जोडून दाखवला होता. पुढे विहिरी बुजवण्यास किंवा झाकण्यास धार्मिक कारणांवरून विरोधही झाला, तरी काम रेटले गेले. गच्चीवरील टाकीला डास शिरणार नाही असे घट्ट झाकण असावे आणि तपासनिसाला वर चढण्यासाठी शिडी असावी, हा नियम त्याच अनुभवातून आला. शिडी क्षुल्लक वाटते, पण ती नसेल तर टाकीत कोणी डोकावत नाही, आणि न पाहिलेल्या टाकीत काय आहे हे रुग्ण आल्यावरच कळते.

अळ्यांबद्दल सांगायचे तर, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात पाणी घेऊन दाखवा. अ‍ॅनॉफिलिसच्या अळीला शेपटीकडे श्वास घेण्याची लांब नळी नसते, त्यामुळे ती पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. डेंग्यूच्या एडीसची अळी डोके खाली करून लटकते. सावली पडली की दोन्ही वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळाने वर येतात. हा फरक मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिला की घरच्या पिंपातही त्यांना तो ओळखू येतो. अळ्या गोळा करताना तुमच्या भागातील आरोग्य कर्मचाऱ्याला सोबत घ्या. बरणीच्या तोंडाला बारीक जाळी रबराने घट्ट बांधा आणि बरणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात आणि अळी किती दिवसांची आहे हे आपल्याला ठाऊक नसते. स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष दिसू लागले तर त्याच दिवशी थांबा. काम झाल्यावर पाणी मोरीत ओतू नका. त्यात उकळते पाणी घाला आणि नंतर कोरड्या मातीवर टाका.