बिझनेस ऑनर्सचा प्रवेश आणि कॅम्पसवरची कामं : तुमचे अनुभव सांगा

मुलगा ऑगस्टमध्ये टेक्सासच्या एका विद्यापीठात बिझनेसला लागला. शाळेतून ऑनर्ससाठी अर्ज केला होता, तेव्हा झालं नाही. आता कळलंय की पहिल्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये (जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरला) पुन्हा अर्ज करता येतो. त्याच्या कॉलेजात या खेपेला शाळेतल्या गुणांपेक्षा पहिल्या सेमिस्टरचा जीपीए (४ पैकी सरासरी गुण) आणि कॅम्पसवर तुम्ही काय करता हे जास्त बघतात.

ज्यांच्या घरी हा विषय अजून आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑनर्स म्हणजे मोठ्या बिझनेस स्कूलमधली एक छोटी तुकडी. वर्ग लहान, पाठांतरापेक्षा चर्चा जास्त, आणि सगळी मुलं एकमेकांना ओळखतात. आमच्याकडच्या मराठी घरांत यूटी ऑस्टिनचा (ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाचा) नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: टेक्सासच्या शाळेत पहिल्या ५ टक्क्यांत आलं की विद्यापीठात आपोआप प्रवेश (२०२६ च्या प्रवेशाआधी ६ टक्के होते). पण हा नियम विद्यापीठाच्या फाटकापर्यंतच नेतो. हवा तो विषय किंवा ऑनर्स त्याने मिळत नाही, हे आम्हालाही उशिराच कळलं.

मुलाने पहिल्या महिन्यात सात क्लबांत नावं घातली. "आई, रेझ्युमे भरायला हवा ना," म्हणतो. आठवड्याचे पाच दिवस रात्री कुठली ना कुठली मीटिंग असते. मला काळजी वाटते, पण त्याला नेमकं काय सांगावं ते कळत नाही. आम्ही दोघं इंजिनिअर, आमच्या वेळी सगळं मार्कांवर होतं. जे यातून गेलेत त्यांनी कृपया लिहा. मुलांनी लिहा, आईबाबांनी लिहा. ज्यांचं झालं नाही त्यांनी तर नक्की लिहा.

*

कॉलेज स्टेशन, टेक्सास

काकू, मी टेक्सास ए अँड एमला तिसऱ्या वर्षाला आहे. मेज बिझनेस स्कूलच्या ऑनर्समध्ये मीही पहिल्या वर्षी अर्ज करूनच आलो.

आमच्याकडे 'द बिग इव्हेंट' नावाचा एक दिवस असतो, १९८२ पासून. त्या शनिवारी हजारो विद्यार्थी ब्रायन आणि कॉलेज स्टेशनमधल्या घरांत जाऊन पानं गोळा करतात, कुंपण रंगवतात, खिडक्या पुसतात. ज्या गावात आपण चार वर्षं राहतो त्या गावाचे आभार मानायचा तो दिवस. बहुतेक मुलं त्या एका दिवसापुरती येतात. मी त्याआधीचे काही महिने तयारी करणाऱ्या गटात होतो. लोकांनी कामासाठी नाव नोंदवलं की आम्ही दोघं-दोघं जाऊन घर बघून यायचो: माणसं किती लागतील, शिडी लागेल का, रंगाचे डबे किती.

एका आजोबांनी अर्जात फक्त 'पानं' लिहिलं होतं. आम्ही गेलो, पुढचं अंगण पाहिलं, वहीत चार माणसं लिहिली आणि निघालो. गाडीत बसताना मला मागचं कुंपण दिसलं, अर्धं आडवं पडलेलं. परत जाऊन विचारलं तेव्हा म्हणाले, "इतकं सगळं कसं मागायचं?" त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी मागचं अंगण दाखवा म्हणायला लागलो. मग ते आमच्या तपासणीच्या कागदावरच छापून घेतलं.

ऑनर्सच्या अर्जातल्या निबंधात मी एवढंच लिहिलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुझ्या गटाला हे आवडलं का? खरं सांगितलं, नाही आवडलं. आधी संध्याकाळी सहा घरं व्हायची, आता चारच व्हायला लागली. दोघं माझ्यावर चिडले होते. मग आम्ही रविवारची एक फेरी वाढवली, आणि ती मीच घेतली. पुढची दहा मिनिटं बोलणं त्या चिडलेल्या दोघांवरच चाललं होतं. बाकीचे तीन क्लब रेझ्युमेवर होते, त्यांच्याबद्दल एकही प्रश्न आला नाही.

*

ब्लूमिंग्टन, इंडियाना

मी बाप म्हणून लिहितोय. मुलगी इंडियाना विद्यापीठाच्या केली बिझनेस स्कूलला आहे. ती क्लबमध्ये वेळ घालवते म्हणून मी पहिले चार महिने रोज फोनवर भांडलो. "इतकी फी भरतोय ती अभ्यासासाठी" हे वाक्य मी किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही. त्याबद्दल मला आज मनापासून वाईट वाटतं.

तिने तीन क्लब धरले आणि दोन सोडले. उरला तो एकच, पहिल्या वर्षाच्या मुलांना अकाउंटिंग शिकवायला मदत करणाऱ्यांचा. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दोन तास. ऑनर्सच्या अर्जात तिने लिहिलं की डेबिट-क्रेडिट तिला स्वतःला तिसऱ्यांदा शिकवताना खरं समजलं. पुढे आय-कोर लागला. त्यात फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स हे विषय एकाच सेमिस्टरला एकत्र घ्यावे लागतात आणि शेवटी गटाने मिळून एक मोठी केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा प्रश्न, सोडवायची असते. तेव्हा कळलं की ऑनर्सवाले आधी तसली मुलं का शोधतात. एकटा हुशार मुलगा त्या केसमध्ये टिकत नाही.

*

लंडन, ओंटारियो (इंग्लंडचं नव्हे)

कॅनडातला अनुभव थोडा वेगळा आहे, तरी लिहिते. वेस्टर्न विद्यापीठात आयव्ही बिझनेस स्कूल आहे. तिथली ऑनर्स पदवी, म्हणजे एचबीए, तिसऱ्या वर्षी सुरू होते. पहिली दोन वर्षं तुम्ही कुठलाही विषय घ्या. काही मुलांना बारावीतच सशर्त जागा मिळते. मला मिळाली नव्हती. मग दुसरी वाट: दोन वर्षांची सरासरी किमान ८०, दुसऱ्या वर्षीचा बिझनेसचा एक ठरलेला कोर्स, आणि कॅम्पसवर किंवा समाजात केलेली कामं.

मी सॉफ होते. वेस्टर्नमध्ये नव्या मुलांना सांभाळणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांना सॉफ म्हणतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगीत डगले घालून आम्ही सामान उचलतो, आरडाओरडा करतो, आणि ते सगळ्यांना दिसतं. खरं काम ऑक्टोबरात लागतं. पहिल्या मिडटर्मनंतर माझ्या मजल्यावरची एक मुलगी आठवडाभर खोलीबाहेर आली नाही. मी रोज रात्री नऊला तिच्या दारावर टकटक करून "जेवलीस का?" विचारायचे. माझी आजी साताऱ्यात शेजारपाजारी हेच करायची. आठव्या दिवशी तिने दार उघडलं. आम्ही दोघी मिळून समुपदेशकाकडे गेलो.

हे अर्जात लिहू की नको, असं फार झालं. ती तिची खासगी गोष्ट होती. शेवटी तिला विचारलं, ती हो म्हणाली, आणि तिची ओळख पटेल असं काहीही न घालता लिहिलं. मुलांनो, दुसऱ्याच्या दुःखावर निबंध लिहिणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा.

आत आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. आयव्हीत सगळं केसवर चालतं आणि वर्गात बोलण्याला गुण असतात. मी 'मोठ्यांमध्ये बोलू नये' अशा घरात वाढलेली. पहिला महिना हातच वर गेला नाही. सॉफ असताना तीसचाळीस अनोळखी मुलांसमोर उभं राहायची सवय झाली नसती तर मी तिथे गप्पच राहिले असते. मग ती प्रसिद्ध ४८ तासांची रिपोर्टची परीक्षा! गटाने बसून दोन दिवसांत अहवाल द्यायचा. त्या दोन दिवसांत कोण चहा करतो आणि कोण रुसतो, सगळं कळतं.

*

गाव आणि कॉलेज लिहीत नाही

माझं झालं नाही. काकू, तुमच्या मुलाचे सात क्लब वाचले आणि लिहायला बसलो.

माझे पाच होते, त्यातल्या तिघांत मी पदाधिकारी. खजिनदार, सचिव आणि आणखी काहीतरी. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी एका कार्यक्रमाचे पिझ्झा मोजत होतो. जीपीए ३.२ वर आला. मुदतीच्या दोन दिवस आधी निबंधाचा प्रश्न उघडला: तुमच्यामुळे कुठे काय बदललं? मी चार तास बसलो. पाच क्लबांत मिळून एक गोष्ट आठवेना. मीटिंगना गेलो होतो, इतकंच.

नकाराचं पत्र आलं तेव्हा घरी आठवडाभर सांगितलं नाही. पुढे नेहमीच्याच वर्गांतून अकाउंटिंगची पदवी पूर्ण केली, नोकरीही चांगली लागली. ऑनर्स नसल्याने आयुष्य थांबलं नाही. पण ते पहिलं वर्ष गेलं त्याची चुटपुट मात्र आहे. त्याला सांगा, पहिल्या सेमिस्टरला जीपीए सांभाळ. तो एकदा घसरला की वर आणायला तीन सेमिस्टर लागतात.

*

नाशिकचा, सध्या अमेरिकेत

मी एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलोय. आम्हाला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी बाहेर नोकरी करताच येत नाही. मी डायनिंग हॉलमध्ये भांडी धुवायच्या खोलीत होतो. क्लबसाठी वेळच उरायचा नाही, म्हणून ऑनर्सचा अर्ज करायचाच नाही असं ठरवलं होतं. सल्लागार बाई म्हणाल्या, "मग हे २० तास काय आहेत?"

आमच्याकडे परीक्षेच्या आठवड्यात निम्मी मुलं गैरहजर राहायची आणि उरलेल्यांवर सगळं पडायचं. मी ज्याची त्याची परीक्षा विचारून तीन आठवडे आधी पाळ्यांचा तक्ता केला. मुलांना आपसांत पाळी बदलता येईल अशी एक शीट टाकली. डिसेंबरच्या परीक्षेत एकच पाळी रिकामी गेली. हे मी आकड्यांसकट लिहिलं आणि प्रवेश झाला.

घरी आईला भांडी धुतो हे सांगायला लाज वाटायची. आता तोच निबंध तिने सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवलाय. इथे शिकायला येणाऱ्या मुलांनो, पोटासाठी केलेलं कामही लिहा.

*

ऑस्टिन, टेक्सास

मी पुण्याची. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं रात्री-रात्री जागले, पण रंगमंचावर एकदाही नाही. मी नेपथ्यात. ठोकळे रंगवणं, भरत नाट्य मंदिरापर्यंत टेम्पो ठरवणं, वेळ संपायच्या आत सेट उतरवणं. १९६३ पासून पुण्यातल्या किती मुलांनी तिथे हेच केलं असेल, पण नाव नटांचं होतं. नोकरीच्या अर्जात मी ते कधीच लिहिलं नाही.

मुलगी यूटी ऑस्टिनच्या मॅकॉम्ब्ज बिझनेस स्कूलला लागली. ऑनर्सच्या अर्जाच्या वेळी रडकुंडीला आली. "मी नुसती डान्स टीमच्या गाड्या बुक करते. मी नाचतही नाही." मी विचारलं, नेमकं काय करतेस? अठरा मुली, तीन भाड्याच्या गाड्या, दुसऱ्या राज्यातली स्पर्धा. पोशाख वेळेवर येत नाहीत, आणि विद्यापीठाकडून पैसे परत मिळवायचा अर्ज पावतीशिवाय पुढे सरकत नाही. एका मुलीला हॉटेलचा वाटा परवडत नव्हता, तर हिने कोणालाही न कळता हिशोबाची मांडणी बदलली होती. मी फोनवर एकदम गप्प झाले. तिला म्हटलं, बाळा, अगदी हेच लिही, एक अक्षर फुगवू नकोस.

प्रवेशाचं पत्र आलं त्या रात्री मी तिला करंडकाच्या टेम्पोची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. इतकी वर्षं का नाही सांगितलीस म्हणाली.

*

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव-गाव न सांगता लिहिणाऱ्या दादांचे विशेष. त्यांचा अनुभव मी मुलाला जसाच्या तसा वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

काल रात्री त्याचा फोन आला. चार क्लबांना मेल करून नावं काढून घेतली आहेत. एक धरून ठेवलाय, कॅम्पसवरच्या गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या धान्यकोठीचा. तिथे दर शुक्रवारी डाळी-तांदळाची पोती येतात, आणि आमच्या घरातला हा मुलगा म्हणे मसूर आणि तूर ओळखणारा तिथे एकटाच आहे. बाकी दोन क्लबांचं ठरत नाहीये. गुरुवारी कॅल्क्युलसची परीक्षा आहे, ती झाल्यावर बघतो म्हणाला.