थंडीतला घरचा सामना उघड्यावरच व्हावा, पण दुपारी. तुमचं काय मत?

ॲपलटनकर

विस्कॉन्सिनात येऊन सोळा वर्षं झाली. ग्रीन बे इथून अर्ध्या तासावर. तिथल्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या लॅम्बो फील्ड या उघड्या मैदानावर मी सप्टेंबरच्या उन्हातही बसलोय आणि जानेवारीच्या गारठ्यातही. आता कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी २०३१ पासून छताखाली खेळायचं जाहीर केलंय, क्लीव्हलंडचे ब्राउन्स छताचं स्टेडियम उभारतायत, शिकागोच्या बेअर्सनाही छत हवंय. यावरून आमच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं: उत्तरेकडच्या अमेरिकन फुटबॉल संघांनी डोक्यावर छत घेऊ नये, पण तिथले प्लेऑफचे (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे) रात्रीचे सामने बंद व्हावेत. थंडी इथलीच आहे. रात्र मात्र टीव्हीसाठी आणलेली आहे.

आधी एक समज बाजूला करू. थंडी घरच्या संघाला जिंकून देते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात आणि दाखला देतात ३१ डिसेंबर १९६७ च्या 'आइस बोल'चा. उणे १३ फॅरनहाइट, म्हणजे उणे २५ सेल्सिअस. मैदानाखालची गरम करायची यंत्रणा निकामी झाली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या आणि शेवटच्या काही सेकंदांत पॅकर्सचा बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला. पॅकर्स २१, डॅलस १७. ही गोष्ट इथे पोरांना झोपताना सांगतात. पण पुढचं कुणी सांगत नाही. ४ जानेवारी २००३ ला छताखाली खेळायची सवय असलेले अटलांटाचे फाल्कन्स लॅम्बोवर येऊन २७-७ असे जिंकून गेले. त्याआधी पॅकर्स तिथे प्लेऑफचा एकही सामना हरले नव्हते. २० जानेवारी २००८ ला उणे १ फॅरनहाइटमध्ये न्यूयॉर्कच्या जायंट्सनी त्यांना जादा वेळेत २३-२० ने हरवलं. २०१४ आणि २०२२ ला तर कॅलिफोर्नियातून आलेल्या फोर्टीनाइनर्सनी हरवलं.

थंडी दोन्ही संघांना सारखीच छळते. चेंडूचंच बघा. खोलीत १३ पौंड दाबाने भरलेला चेंडू शून्य फॅरनहाइटला नेला की आतली हवा आकसते आणि दाब साधारण साडेनवावर येतो. वरचं कातडं मात्र ताठरतं. असा चेंडू लाथेला उसळत नाही, लांब जात नाही. २००८ च्या त्या सामन्यात जायंट्सच्या लॉरेन्स टाइन्सने आधी दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून मिळणारे ३ गुण) चुकवले आणि शेवटी ४७ यार्डांवरून सामना जिंकून दिला. यात घरचं काय आणि पाहुण्यांचं काय?

मग छत का नको? प्रेक्षकांसाठी. माझ्या पहिल्या जानेवारीच्या सामन्याला मी दोन जोड मोजे आणि भारी बूट घालून गेलो होतो. अर्ध्या तासात तळपाय लाकडासारखे झाले. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता काखेतला पुठ्ठा काढला, मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या पायाखाली सरकवला. काँक्रीट पायातली ऊब शोषतं, पुठ्ठा ती अडवतो, हे मला त्या दिवशी कळलं. बिअरच्या ग्लासात दुधावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा धरत होता. पॅकर्स हरले. गृहस्थ उठताना म्हणाले, पुठ्ठा ठेव, पुढच्या वेळी लागेल. पुढच्या वेळी मी तो घेऊन गेलो. छताखालच्या स्टेडियममध्ये शेजाऱ्याची अशी गरज पडत नाही.

मिनेटोंकाकर

पुठ्ठ्याची आठवण सुरेख, पण एका पुठ्ठ्यावर स्टेडियमचं धोरण ठरवू नका. आमच्या मिनिआपोलिसच्या बंद स्टेडियममध्ये पासष्ट हजार माणसं ओरडतात तेव्हा पाहुण्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, स्वतःच्या खेळाडूंशी बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. घरचा फायदा म्हणतात तो हा. उघड्यावर अर्धा आवाज आकाशात जातो. शिवाय जाड हातमोज्यांनी टाळ्या वाजतात का सांगा.

आणि थंडीचा फटका आम्ही खाल्लाय. १० जानेवारी २०१६, नवं स्टेडियम तयार होत होतं म्हणून आमचे व्हायकिंग्स विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर खेळत होते. उणे ६ फॅरनहाइट, समोर सिॲटल. शेवटच्या अर्ध्या मिनिटात फक्त २७ यार्डांचा फील्ड गोल, आणि ब्लेअर वॉल्शची किक डावीकडून बाहेर गेली. १०-९ ने हरलो. मी तिथे होतो. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

ॲपलटनकर

पण त्याच वॉल्शने त्याच थंडीत, त्याच चेंडूने आधी तीन फील्ड गोल मारले होते. तुमचे सगळे ९ गुण त्याचेच. त्या शेवटच्या किकला चेंडूची शिवण त्याच्याकडे वळलेली राहिली होती. सगळं थंडीच्या माथी कसं मारणार?

आणि दादा, त्याच दिवशी नाणेफेकीला कोण आलं होतं ते लिहिलं नाहीत. व्हायकिंग्सचे जुने प्रशिक्षक बड ग्रँट, वय ८८, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. त्यांच्या काळात व्हायकिंग्स उघड्या मेट स्टेडियमवर खेळायचे, मैदानाच्या कडेला शेगडी ठेवायला त्यांनी मनाई केली होती. त्या काळात संघ चार वेळा सुपर बोलला, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याला, पोचला. १९८२ ला छताखाली गेल्यापासून एकदाही नाही.

मिनेटोंकाकर

चारही हरलो, तेही लिहा. आणि छतामुळे पोचलो नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, जसं मी थंडीमुळे हरलो हे सिद्ध करू शकत नाही. माझ्या आईला, वय ७४, मी गेल्या वर्षी सामन्याला नेलं. साडीवर स्वेटर घालून बसली, तीन तास मजेत. लॅम्बोवर डिसेंबरमध्ये नेऊ शकलो असतो का? उघडं स्टेडियम म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसांचं स्टेडियम. म्हातारे, लहान मुलं, दम्याचे रुग्ण डिसेंबरपासून बाहेर. हे तुम्हाला चालतं?

बफेलोवासी

इथे बफेलोत नवं स्टेडियम बिनछताचं बांधलंय. राज्य आणि काउंटी मिळून ८५ कोटी डॉलर जनतेचा पैसा त्यात आहे. छत घातलं असतं तर आकडा आणखी फुगला असता. बहुतेक खुर्च्यांवर पत्र्याची झाप येते, वारा अडवायची रचना आहे, मैदानाखाली गरम नळ्या. मला हा मधला मार्ग पटतो.

छताने सगळे प्रश्न सुटतात म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरोवरावरून आलेला बर्फ सहा फुटांच्या वर पडला. आमच्या बिल्सचा ब्राउन्सविरुद्धचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. खेळाडूंच्या दारातला बर्फ शेजाऱ्यांनी फावड्यांनी उपसला तेव्हा ते विमानतळावर पोचले. स्टेडियमला छत असतं तरी सामना झाला नसता, कारण रस्तेच बंद होते. दुसरी गोष्ट मिनेटोंकाकरांच्या गावची. १२ डिसेंबर २०१० ला व्हायकिंग्सच्या तेव्हाच्या मेट्रोडोम स्टेडियमचं कापडी छत बर्फाच्या भाराने फाटून कोसळलं. तोही सामना डेट्रॉइटलाच गेला आणि पुढचा विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर झाला.

बिल्सचा जानेवारी २०२४ चा पिट्सबर्गच्या स्टीलर्सविरुद्धचा सामना रविवारचा सोमवारवर गेला. तासाला २० डॉलर देऊन लोकांना बर्फ उपसायला बोलावलं होतं. मी गेलो होतो. पैशासाठी गेलो नव्हतो. सामना सुरू झाला तरी कितीतरी खुर्च्या गाडलेल्याच होत्या. लोकांनी हातांनी उकरून जागा केली आणि टचडाउन झाला की तोच बर्फ ओंजळीने आकाशात उधळला. गुलाल उधळावा तसा. ३१-१७ ने जिंकलो.

ओलेथाकर

तुम्ही सगळे आठवणी लिहिताय, मी दुसरी बाजू लिहिते. मी कॅन्सस सिटीच्या बाजूची, पेशाने नर्स.

१३ जानेवारी २०२४, चीफ्स विरुद्ध मायामीचे डॉल्फिन्स. सुरुवातीला उणे ४ फॅरनहाइट, वाऱ्यासकट उणे २७. सामना संध्याकाळी सातला. चीफ्स २६-७ ने जिंकले, त्यांच्या पॅट्रिक माहोम्सच्या हेल्मेटचा तुकडा उडाला, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. पुढे मार्चमध्ये शहरातल्या एका रुग्णालयाने सांगितलं की त्या सामन्याला गेलेल्यांपैकी काहींचे अवयव हिमदंशामुळे कापावे लागले. त्या चित्रफिती कुणी पुढे पाठवत नाही.

हिमदंश होताना दुखत नाही, हेच वाईट. आधी टोचतं, मग बधिर होतं आणि माणसाला वाटतं, चला, सवय झाली. शरीर काळीज वाचवण्यासाठी बोटांचं रक्त मागे ओढतं. बोट पांढरं, मेणासारखं होतं. त्यात बिअर प्यायली असेल तर आत ऊब वाटते, प्रत्यक्षात उष्णता जास्त बाहेर जाते. कुठला सामना ते सांगत नाही, पण माझ्या भाच्याचं असंच झालं. दाराशी तिकीट फोनवर दाखवायचं, म्हणून हातमोजा काढला. थंडीने फोन बंद पडला. तो पोटाशी धरून गरम करायचा, पुन्हा चालू करायचा, यात पंधरा मिनिटं उघड्या हाताने रांगेत उभा. दोन बोटांच्या टोकांना फोड आले. आज दोन वर्षांनीही त्याला तिथे गरम-गार कळत नाही. तबला वाजवायचा तो. अजून वाजवतो, पण चाट मारताना बोट नीट लागलं का हे त्याला ऐकून ठरवावं लागतं.

म्हणून मला छत हवंय. ॲपलटनकर, दुपारी खेळवून हे टळणार नाही. तुमचा आइस बोल दुपारचाच होता ना?

ॲपलटनकर

हो, दुपारचाच होता आणि तिथे एक वृद्ध प्रेक्षक थंडीने दगावला असंही सांगतात. ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. भाच्याचं वाचून फार वाईट वाटलं.

दुपार म्हणजे उपाय असं मी म्हणणार नाही. पण फरक पडतो. उन्हात बसलेल्या माणसाला ऊन लागतं, अंगावरचं काळं जाकीट तापतं. आणि घरी जाताना रात्रीचे अकरा वाजलेले नसतात. गारठलेला माणूस पार्किंगमधून अर्धा मैल चालतो, गाडी सुरू होत नाही, आजूबाजूला कुणी नाही. धोका तिथे वाढतो.

सकाळची_पाळी (पुणे)

इथे एक वेगळं मत मांडतो. तुमचा रात्री सातचा सामना आम्हाला रविवारी सकाळी साडेसहाला दिसतो. चहा घेऊन मी आणि मुलगा बघतो. दुपारी खेळवलात तर आमचा मध्यरात्रीचा कार्यक्रम. जगभर बघणारे आहेत, आमचाही विचार व्हावा. बाकी मैदानात बसणाऱ्यांबद्दल आदर आहेच.

ओलेथाकर

घरात बसून बघणाऱ्यांसाठी मैदानात बसलेल्यांनी बोटं द्यावीत हे मला मान्य नाही. तुम्ही तसं म्हणत नाही हे कळतं, पण हिशोब तसाच होतो.

मिनेटोंकाकर

ॲपलटनकर, तुमच्या प्रस्तावात अडचण आहे. प्लेऑफमध्ये कुठला संघ घरी खेळणार हे आधी ठाऊक नसतं. वेळा आधीपासून विकलेल्या असतात. लीगने करायचं काय?

ॲपलटनकर

वेळा विकलेल्या असतात, पण कुठला सामना कुठल्या वेळेला हे नियमित हंगामाचा शेवट झाल्यावर ठरतं. पहिल्या फेरीत सहा सामने असतात. रात्रीच्या वेळा छताखालच्या किंवा दक्षिणेच्या मैदानांना द्याव्यात, ग्रीन बे, बफेलो, शिकागोला दुपार. रात्रीला द्यायला एकही ऊबदार मैदान नाही असं वर्ष विरळा. आणि तसं झालं तर हवामान बघून वेळ बदलावी. बफेलोचा सामना बर्फासाठी दिवसभर पुढे ढकलता येतो, तर थंडीसाठी सहा तास अलीकडे का आणता येऊ नये?

हंगामच लांबलाय हेही विसरू नका. १९७७ पर्यंत १४ सामने होते, मग १६, आणि २०२१ पासून १७. आता सुपर बोल फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. थंडीतले सामने निसर्गाने दिले नाहीत, वेळापत्रकाने दिले. मग वेळापत्रकानेच थोडं मागे सरावं.

बफेलोवासी

याला माझा पाठिंबा. एक भर घालतो. जानेवारी २०१४ मध्ये फोर्टीनाइनर्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्याची तिकिटं ग्रीन बेतसुद्धा वेळेत संपत नव्हती, मुदत वाढवावी लागली होती. म्हणजे सर्वांत कडवे चाहतेही विचार करू लागलेत. लीगने ते ऐकावं.

ओलेथाकर

मी छतावरच ठाम आहे. पण वेळापत्रकाचा मुद्दा पटला, छत होईपर्यंत निदान तेवढं व्हावं.

ॲपलटनकर

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. यंदा डिसेंबरच्या सामन्याला यायचं म्हणून मागे लागलीय. दुपारचा असेल तर नेणार, रात्रीचा असेल तर घरीच बघू, हे तिला आज सांगितलं. तिने पुठ्ठा कुठे ठेवलाय ते विचारलं. गॅरेजमध्ये आहे, तोच.

ओलेथाकर

तिच्यासाठी दोन पदरी घ्या. बुटात जागा राहू द्या, घट्ट मोज्यांनी रक्त अडतं. बोट पांढरं दिसलं तर चोळू नका, सरळ आत घेऊन जा आणि कोमट पाण्यात धरा, गरम नको. आणि तिकीट कागदावर मिळत असेल तर कागदावर घ्या. नसेल तर फोन आतल्या खिशात ठेवा, अंगाला लागून.