१९व्या शतकातली अमेरिका: जमावाची हिंसा आणि कृष्णवर्णीयांचं स्थलांतर. नागपुरात बसून अभ्यास कसा करू?

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची भंडाऱ्याची, सध्या नागपुरात एमए इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला. लघुप्रबंधाला वरचा विषय घेतलाय आणि पार अडकलेय. गाईड मॅडम म्हणाल्या, अख्खी अमेरिका घेऊ नको, एक शहर धर. म्हणून ओहायो राज्यातलं सिनसिनाटी धरलं.

थोडक्यात सांगते. ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण १८०७च्या कायद्याने बाहेरून येऊन राहणाऱ्या कृष्णवर्णीयाला ५०० डॉलरचा जामीन द्यावा लागे. कायदा बरीच वर्षं कागदावरच होता. १८२९च्या उन्हाळ्यात शहराच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की आता अंमल होणार. ऑगस्टमध्ये गोऱ्यांच्या टोळ्यांनी वस्तीवर हल्ले केले. हजाराच्या वर माणसं शहर सोडून गेली. काहींनी कॅनडात विल्बरफोर्स नावाची वसाहत उभारली, आजच्या ओंटारिओतल्या लुकन गावाजवळ.

इथवर ठीक. पण मॅडमचा प्रश्न असा: "माणूस पोटासाठी गाव सोडतो. हा दंगलीमुळे गेला की कामधंद्यामुळे, हे तू कशावरून ठरवणार?" माझ्याकडे उत्तर नाही. कोर्टाच्या कागदांत काही सापडेल असं वाटलं होतं, पण जे गेले त्यांचा आवाज कुठेच ऐकू येत नाही. अमेरिकेला जाणं शक्य नाही, पैसे भरून उघडणारे डेटाबेस परवडत नाहीत. सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात द्यायचाय. कुणी मार्ग दाखवेल का?

बर्डीवाला

ताई, सिनसिनाटी सोडून द्या न. १८७९चं कॅन्सस घ्या. मी काही इतिहासवाला नाही, बँकेत आहे, पण अमेरिकेच्या यादवीवर पुष्कळ वर्षांपासून वाचून राहिलो. यादवी संपली, गुलामगिरी गेली, १८७७ला केंद्राचं सैन्य दक्षिणेतल्या राजकारणातून मागे घेतलं आणि मग मळेवाल्यांना रान मोकळं. १८७९च्या वसंतात लुइझियाना-मिसिसिपीतली हजारो माणसं बायकापोरं, गाठोडी घेऊन नदीच्या काठावर बोटीची वाट पाहत बसली. सेंट लुईसला उतरली तर खिशात पुढच्या तिकिटाचे पैसे नाहीत. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चनी त्यांना जेवू घातलं, पुढे कॅन्ससला धाडलं. त्यांना एक्झोडस्टर म्हणतात (एक्झोडस म्हणजे घाऊक स्थलांतर).

आणि कापूस म्हणाल तर आपलाच विषय आहे. यादवीत तिकडचा कापूस अडला अन् वऱ्हाडातला भाव चढला. १८६७ला रेल्वे नागपूरपर्यंत आली. हे प्रस्तावनेत टाकून द्या, गाईड खूश.

धंतोलीचे मास्तर

बर्डीवाल्यांनी विषय बरोबर सुचवलाय. कापसाच्या प्रस्तावनेचं मात्र ऐकू नकोस बेटा. अशा प्रस्तावना मी आयुष्यभर तपासल्या, पुढच्या प्रकरणांशी त्यांचा संबंध क्वचितच असायचा.

आधी सिनसिनाटीचं. तुला आवाज सापडत नाही याचं कारण त्या कायद्यातच आहे. त्याच १८०७च्या कायद्याने ओहायोत गोरा माणूस पक्षकार असेल त्या खटल्यात कृष्णवर्णीयाला साक्ष देता येत नव्हती. म्हणजे ज्याचं घर फोडलं त्याचं म्हणणं कोर्टाच्या दप्तरात यायला दारच नव्हतं. तू बंद दारावर थापा मारते आहेस. ही गोष्ट प्रबंधात जरूर लिही, पण तिच्यावर शंभर पानं होणार नाहीत.

कॅन्ससचं तसं नाही. १८८० साली अमेरिकी सिनेटने या स्थलांतराची चौकशी लावली. अध्यक्ष इंडियानाचे व्होरहीस. दीडशेहून जास्त साक्षीदार, तीन भाग, कृष्णवर्णीयांच्या शपथेवरच्या साक्षी सवाल-जबाबासकट छापलेल्या. त्यात टेनेसीचे म्हातारे पॅप सिंगल्टन भेटतील. कॅन्ससला लोक आणण्याचं सगळं श्रेय एकट्याचं म्हणून समितीपुढे ठणकावून सांगतात! मजा म्हणून वाच, पुरावा म्हणून जपून वापर.

खरा माणूस हेन्री ॲडम्स. जन्माने गुलाम, यादवीनंतर सैन्यात गेला, तिथे लिहावाचायला शिकला, मग लुइझियानात श्रीव्हपोर्टला राहिला. त्याने आणि साथीदारांनी एक समिती केली. समितीतली माणसं स्वखर्चाने दक्षिणेत फिरायची, शेतात इतर मजुरांबरोबर काम करायची आणि कोण कसं जगतंय ते पाहून कळवायची. कुणाला मारलं, कुणाला फटके, कुणाला मतदानाच्या दिवशी हाकललं, अशा शेकडो घटनांची नावनिशीवार यादी त्याने सिनेटच्या समितीपुढे ठेवली. देश सोडायला तयार असलेल्यांची ९८,००० नावं आपल्याकडे नोंदली गेलीत, असं त्याने सांगितलं.

आता त्यांच्या मागण्यांचा क्रम बघ. आधी राष्ट्राध्यक्षांकडे आणि काँग्रेसकडे संरक्षण मागायचं. ते नाही मिळालं तर देशातच एखादा प्रदेश वेगळा तोडून मागायचा. तोही नाही तर आफ्रिकेतल्या लायबेरियाला जायला पैसे मागायचे. तेही नाही तर दुसऱ्या देशाच्या सरकारकडे आसरा मागायचा. ही घाबरून पळालेली माणसं नाहीत. वर्षानुवर्षं बैठका घेऊन, एकेक दार ठोठावून मग उठलेली आहेत.

तुझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. साक्षीदार एकाच दमात दोन्ही सांगतात: जमिनीचा मक्ता जबर, मळ्याच्या दुकानातली उधारी कधी फिटत नाही, आणि हिशेब विचारला तर जिवावर बेततं. तिसरं वाक्य काढून टाकलं की पहिली दोन नुसती गरिबी वाटते. वर्षाच्या शेवटी बटईदार मालकाला "माझा वाटा किती" असं विचारू शकतो की नाही, हे रात्री घोड्यावरून धमकवायला कोण येतं त्यावर ठरत होतं. म्हणून पोट आणि जीव असे दोन रकाने पाडून माणसं मोजत बसू नकोस. हिंसेमुळे हिशेब बुडवता येत होता, हा दुवा साक्षींमधून दाखव. माझ्या मते प्रबंध तेवढाच आहे, बाकी सगळी सजावट.

आणखी एक गंमत. त्याच साक्षींवरून सिनेटच्या समितीने दोन निष्कर्ष काढले. बहुमतातल्या डेमोक्रॅट सदस्यांनी दोष घातला बाहेरच्या फूस लावणाऱ्यांवर. रिपब्लिकन अल्पमताने जुलूम आणि असुरक्षितता हे कारण धरलं. म्हणजे मॅडमनी तुला विचारलेला प्रश्न १८८० सालीच राजकारणाने विचारून झालाय. एक प्रकरण यावर सहज निघेल.

जनगणनाही वापर. कॅन्ससमध्ये १८७० साली १७,१०८ कृष्णवर्णीय होते, १८८० साली ४३,१०७. पण नुसत्या बेरजेने काही सिद्ध होत नाही. १८८०चे मूळ तक्ते फॅमिलीसर्च या साइटवर खातं उघडून फुकट पाहता येतात. एक कुटुंब घे. थोरला नऊ वर्षांचा, जन्म मिसिसिपी. मधली चार वर्षांची, जन्म मिसिसिपी. धाकटं सहा महिन्यांचं, जन्म कॅन्सस. हे घर कोणत्या काळात हललं ते पोरांच्या वयांवरून कळतं. अशी पन्नासेक घरं एका तालुक्यातली काढलीस तरी मॅडम गप्प बसतील. १८९०च्या तक्त्यांच्या मागे लागू नकोस, ते १९२१च्या आगीनंतर जवळपास सगळे गेले.

निकोडेमस हे कॅन्ससमधलं गाव जिथेतिथे भेटेल. ते १८७७चं, आणि वसवणारे मुख्यतः केंटकीचे. १८७९च्या लाटेत त्याला मिसळू नकोस, परीक्षक नेमका तिथे पकडतो.

टेकडी_रोड

मास्तरांचं सगळं मान्य, पण टेनेसीतलं मेम्फिस, १८९२ विसरू नका. हा पोट-जीव दुवा इतका उघडा दुसरीकडे दिसत नाही. पीपल्स ग्रोसरी नावाचं कृष्णवर्णीयांचं किराणा दुकान चाललं होतं, समोर गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. भांडण पेटवलं गेलं आणि मार्चमध्ये गोऱ्या जमावाने दुकानातल्या थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल, विल स्टुअर्ट या तिघांना तुरुंगातून काढून नेऊन गोळ्या घातल्या. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स तेव्हा तिथे फ्री स्पीच हे वर्तमानपत्र चालवायच्या, मॉस त्यांच्या मित्रपरिवारातले. त्यांनी लिहिलं, हे शहर सोडा. लोक ओक्लाहोमाकडे निघाले, उरलेल्यांनी ट्रामवर बसणं सोडलं. तेव्हा ट्राम कंपनीची माणसं वेल्सबाईंच्या कचेरीत आली, तुमच्या लोकांना सांगा म्हणून! मे महिन्यात त्यांचा छापखाना फोडला. मी पेपरात काम करते, त्यामुळे हा भाग जरा जास्तच लागतो मला.

वैनगंगाकाठची

सर, ताई, दादा, खूप खूप धन्यवाद. कॅन्ससच घेते, मेम्फिस शेवटच्या प्रकरणात. दोन शंका. हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात व्होरहीस समितीचा अहवाल दिसतो, पण अख्खा उतरवता येत नाही. आणि विभागात "भारतीय संदर्भ" हवाच म्हणतात. खैरलांजी घेऊ का? आमच्याच जिल्ह्यातली घटना आहे.

धंतोलीचे मास्तर

हाथीट्रस्टवर संस्थेचं सदस्यत्व नसेल तर पानपानच उतरतं. इंटरनेट आर्काइव्हवर बघ, तिथे पूर्ण पीडीएफ मिळते. जुन्या वर्तमानपत्रांसाठी क्रॉनिकलिंग अमेरिका, तेही फुकट. मात्र शोधताना त्या काळच्या पेपरांची भाषा वापर: निग्रो, कलर्ड, एक्झोडस. आजचे शब्द टाकशील तर हाती काही लागणार नाही.

खैरलांजी नको. तो वेगळा प्रबंध आहे, आणि त्यातली माणसं अजून आपल्यात आहेत. तोंडी लावायला घ्यायचा विषय नाही तो. तुला नागपुरातलाच धागा देतो. जुलै १९४२मध्ये इथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, बाबासाहेबांच्या उपस्थितीत. तिच्या ठरावांत एक मागणी होती: गावोगावच्या सवर्णांच्या मुठीतून सुटण्यासाठी अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहती कराव्यात. ठराव बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय खंडांत छापलेला आहे, तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात खंड असतीलच. हेन्री ॲडम्सची दुसरी मागणी आणि हा ठराव शेजारी ठेव. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं चुकूनही लिहू नकोस. दोघांच्या मागे गावातल्या सत्तेचा हिशेब सारखा आहे, एवढंच दाखव. चार पानं पुरेत.

बर्डीवाला

मास्तर, माझी प्रस्तावना उडवली, चालते. ताई, एक माझ्याकडून घेऊन ठेवा. नुसतं हेन्री ॲडम्स शोधाल तर बोस्टनवाला गोरा इतिहासकार निघते, राष्ट्राध्यक्षाचा नातू, अन् त्याचीच हजार पानं येऊन राहतात. नावासोबत श्रीव्हपोर्ट टाका, नाही तर कॅडो पॅरिश (श्रीव्हपोर्टचा जिल्हा).