तालमीच्या अभ्यासिकेसाठी संदर्भग्रंथ सुचवावेत
सस्नेह नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या मजल्यावर छोटी अभ्यासिका सुरू झाली असून, तिच्यातील एक कपाट केवळ माहितीपर आणि संदर्भग्रंथांसाठी राखून ठेवले आहे. खर्चासाठी पंचवीस हजार रुपये जमले आहेत. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके नकोत. ती मुले स्वतःच आणतात, आणि दोन वर्षांत ती रद्दीतही जातात.

मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येत असल्याने त्यावर पैसे घालणे मला पटत नाही. दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे सातही खंड मात्र हवेतच, कारण बोलीतील शब्दांचा अर्थ शोधताना मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश इंग्रजीत अर्थ देतो आणि आठवी-नववीची मुले तिथेच अडतात. इतिहासाची पुस्तके देणगीतून भरपूर आली आहेत.

खरी अडचण विज्ञानाची आहे. सह्याद्रीतील वनस्पती, पक्षी, जांभा व बेसाल्ट खडक, पंचगंगेचा पूर, तसेच शरीरशास्त्र आणि सामान्य माणसाला उपयोगी पडणारा कायदा या विषयांवर मराठीत लिहिलेली, आकृत्या आणि शब्दसूची असलेली पुस्तके कोणती घ्यावीत? आपण स्वतः वाचलेलीच कृपया सुचवावीत, आणि जुनी आवृत्ती चालेल की नवीच घ्यावी, हेही कळवावे.