मदत हवी आहे: ह्युमिडिफायरच्या चकतीवर यीस्ट रांगेत येईना

लातूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ध्वनिलहरींनी पेशी एका जागी आणायच्या, असा प्रोजेक्ट घेतलाय. त्यासाठी वापरतात तो लिथियम नायोबेट या स्फटिकाचा वेफर (पातळ चकती), त्यावर इलेक्ट्रोड, धूळमुक्त क्लीनरूम हे आमच्या आवाक्यात नाही. म्हणून धुकं करणाऱ्या ह्युमिडिफायरमधली १.७ मेगाहर्ट्झची पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) काढून इपॉक्सीने काचेच्या स्लाइडखाली चिकटवली. वर दुहेरी टेपचे थर, मधे ब्लेडने कापलेला चर, वरून दुसरी स्लाइड. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे अर्धी तरंगलांबी ०.४४ मिमी. चर तेवढाच उंच हवा, म्हणजे लहर दोन काचांमध्ये परतत स्थिर राहते. चार थरांनी स्क्रू गेजवर तेवढी उंची मिळाली. (तिसऱ्या थरात बुडबुडा अडकला म्हणून सगळं उचकटून पुन्हा केलं. नखं गेली.)

गंजगोलाईतून आणलेलं बेकरीचं यीस्ट पाण्यात कालवून सोडलं. चकती खालून उजेड अडवते, म्हणून मायक्रोस्कोपखाली बघताना मोबाइलचा टॉर्च बाजूने धरतो. पण यीस्टच्या रेषा काही दिसत नाहीत! यीस्ट नुसतं घिरट्या घालतं, स्लाइड तापते. एक चकती कोरडी चालवून जाळली, ती चूक माझीच. पीडीएमएसमध्ये (पारदर्शक सिलिकॉन रबर) चॅनल, म्हणजे हाच चर, ओतू का? पुढच्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार आहेत.

प्रतिसाद:
भाऊ, वरून रेषा दिसणारच नाहीत. तुम्ही अर्धी लहर उंचीत बसवलीय, तर यीस्टही मधल्या उंचीवर थर धरून तरंगणार. आधी ते खाली बसू द्या, तळावर फोकस करा, मग चालू करा. तळ पुसट होईल, नॉब फिरवत वर या. पाण्यामुळे खोली पाऊण पटच भासेल, हे धरून चला. ४० पटीची लेन्स वरच्या स्लाइडला टेकेल, १० पटीनेच बघा.

घिरट्या म्हणजे पाण्याचा प्रवाह, व्होल्टेज उतरवा. काच आणि इपॉक्सीमुळे रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला लहर सर्वांत जोरदार होते ती) सरकतो, १.६ ते १.८ मेगाहर्ट्झमध्ये ०.०१ च्या टप्प्याने शोधा. पीडीएमएस नको, त्याचा ध्वनिरोध (आवाजाला होणारा अडथळा) पाण्याच्या जवळचा, लहर परतण्याऐवजी आत शिरून विरते. काच परतवते.

धागाकर्ता:
दादा, १.६८ ला सापडलं! तळ रिकामा, वर दाट थर. बंद केलं की भुरभुर खाली. आता नॉब न फिरवता परीक्षकांना हे दाखवायचं कसं?