साक्षरता निधी: पाट्यांच्या पुढे काय?

नमस्कार मंडळी,

यंदाच्या साक्षरता निधीतून वह्या-पाट्या पाठवायचं ठरतंय. जरूर पाठवूया, पण तेवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजात असताना मी साक्षरता वर्गावर शिकवायला जायचे. एक मावशी पेन्सिल मुठीत आवळून धरायच्या, पाटीवर चरे पडायचे. तीन महिन्यांत त्या अंगठा सोडून सही करू लागल्या. वर्षभराने भेटल्या तेव्हा सही तेवढी उरली होती, बाकीची अक्षरं गेली होती. वर्ग बंद झाला आणि वाचावं असं त्यांच्या हाती पुन्हा काही आलंच नाही.

लोक स्वतः उतरले तर शिकवणं अवघड नाही. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम गावकऱ्यांच्याच बळावर चालली. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकांत विज्ञान पोचवणाऱ्या संघटनेचे हजारो स्वयंसेवक बिनपगारी फिरले, म्हणून १९९० मध्ये एर्नाकुलम देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा ठरला. पुढच्या वर्षी, १८ एप्रिलला, अख्खं केरळ साक्षर झाल्याची घोषणा कोणा मंत्र्याने नव्हे, चेलक्कोडन आयेशा या नवसाक्षर बाईंनी केली. हे वाचताना मला दरवेळी त्या मावशी आठवतात.

पण शिकलेलं टिकवायला स्वयंसेवक जन्मभर कुठून पुरणार? तिथे माध्यमं हवीत, आणि तीही शिक्षणाचं महत्त्व सांगणारी नकोत. ते मावशींना माझ्याहून जास्त कळत होतं. रोज डोळ्यांपुढे अक्षर आणणारी हवीत. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचं काम उभं केलं. शब्द गायला जाईल तसा त्याचा रंग बदलतो. गाणं आधीच तोंडपाठ, त्यामुळे डोळे आपोआप अक्षरांमागे जातात. दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्येही या ओळी आल्या.

आपल्या गाण्यांच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंना अशा ठळक मराठी ओळी द्याव्यात, असं मी सुचवते.

---

ताई,

कल्पना आवडली. पण आपले व्हिडिओ बघणारे सगळे शिकले-सवरलेले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसे? देणगीदारांना मला हिशेब द्यावा लागतो.

खजिनदार

---

दादा,

शंका रास्त आहे. नुसते आपल्या पानावर टाकून उपयोग नाही. ज्या वर्गांना पाट्या देतो, त्यांच्याच शिक्षकांकडे व्हिडिओ द्यायचे. वर्ग संपला तरी गाणं शिकणाऱ्या बाईंच्या घरातल्या फोनवर राहील. सहा महिन्यांनी शिक्षकांनी तीच ओळ कागदावर लिहून वाचायला द्यावी. देणगीदारांना तोच हिशेब दाखवू.

---

मध्येच बोलतो. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, वाचता मात्र येत नाही. ओळी झाल्या की पहिली प्रत आमच्याकडे पाठवा.

---

नक्की पाठवते. पहिल्या दोन गाण्यांच्या ओळी रविवारपर्यंत टंकून देते. ओळ तुटताना जोडाक्षर अर्धवट राहू नये, एवढं बारकाईने तपासायला कोणी तयार आहे का?